वेझरच्या उतारानं

कराडच्या माणसाला दुसऱ्या गावचा संगम दाखवू नये. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, मग काटकोनात वळतात आणि एक होऊन पुढं निघतात. ते बघून मोठ्या झालेल्या डोळ्यांना जर्मनीतल्या हान-म्युंडेनचा संगम फारच सभ्य वाटतो. डावीकडून फुल्डा येते, उजवीकडून वेरा येते, आणि फारसा आवाज न करता दोघी एका पात्रात शिरतात. पुढं त्या पाण्याचं नाव वेझर. काठावर १८९९ साली बसवलेला एक मोठा दगड आहे. दोघींनाही इथं आपापलं नाव सोडावं लागतं, अशा अर्थाच्या ओळी त्याच्यावर कोरल्या आहेत. संगमात कोयनेचं नाव बुडतं आणि कृष्णेचं थेट बंगालच्या उपसागरापर्यंत टिकतं, यावर आमच्या गावात कुणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. इथं निदान दोघींना एकच न्याय लावला.

माझी भाची इथून जवळच गॉटिंगनला शिकते. वेझरच्या काठानं सायकलचा रस्ता आहे, तो पार समुद्रापर्यंत जातो, आपण हामेलनपर्यंत जाऊ, ही कल्पना तिचीच. "मावशी, तू फक्त पायडल मार. बोलायचं काम माझ्याकडे," असा करार झाला. तिकडे कराडहून तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, रोज संध्याकाळी फोन करायची. आधी विचारायची, जेवलात का. मग विचारायची, कोर्स संपल्यावर पुढं काय ठरलंय. पहिल्या प्रश्नाला भाची सविस्तर उत्तर द्यायची.

सायकली भाड्यानं घेतल्या. मी कॉलेजात असताना पुणं सायकलींचं गाव होतं. पत्र्याचा बिल्ला, डायनॅमोचा दिवा, डबलसीट दिसली की कोपऱ्यावरून पुढं येणारा पोलीस. तेव्हा सायकल चालवायची ती बस परवडत नाही म्हणून. या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांत निम्म्याहून अधिक सत्तरीच्या आसपासचे होते. नवराबायकोची जाकिटं एकाच रंगाची, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पाणी न शिरणाऱ्या गच्च पिशव्या, आणि सायकली बॅटरीच्या. चढावर आम्ही दोघी धापा टाकत असताना ही मंडळी अजिबात न घामेजता "हालो" म्हणत बाजूनं निघून जायची. प्रत्येक जण "हालो" म्हणायचा, एकही चुकायचा नाही. पण त्यापुढं शब्द नाही. कुठल्या, कुणाच्या, इकडं कशा, एवढं तरी कुणी विचारावं, असं मला दिवसभर वाटत राहायचं.

म्युंडेन गावात लाकडी चौकटींची सातशेहून जास्त जुनी घरं आहेत. उभ्या-आडव्या-तिरप्या तुळया बाहेरून दिसतात, मधल्या जागा माती-चुन्यानं भरलेल्या. कित्येक घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा पुढं आलेत, त्यामुळं गल्लीत चालताना माना वर करून पुढं वाकलेल्या घरांशीच बोलल्यासारखं होतं. इतकं सगळं सागवान नव्हे, ओक. पैसा कुठून आला? १२४७ साली या गावाला एक हक्क मिळाला. नदीनं जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यानं इथं माल उतरवायचा, तीन दिवस गावकऱ्यांपुढं विकायला मांडायचा आणि मगच पुढं जायचं. हा हक्क गावानं पावणेसहाशे वर्षं सोडला नाही. ज्या तुळयांचे फोटो आम्ही काढत होतो, त्या अशा अडवणुकीतून उभ्या राहिल्या आहेत. मला हे कळल्यावर घरं जास्त आवडली. आपल्याकडच्या जकात नाक्यांना असं वास्तुवैभव कधी जमलं नाही.

नगरपालिकेच्या इमारतीवर घड्याळाशेजारी एक खिडकी उघडते आणि लाकडी बाहुल्या बाहेर येऊन दात उपटायचा देखावा करतात. तो डॉक्टर आयझेनबार्ट. १७२७ साली याच गावात वारला. गावोगाव वाद्यवाल्यांचा आणि विदूषकांचा ताफा घेऊन फिरणारा शस्त्रवैद्य. मोतीबिंदू काढण्यात त्याचा हात चांगला होता म्हणतात. बँड एवढ्यासाठी की रोग्याचं ओरडणं बाजारात ऐकू जाऊ नये. पुढं विद्यार्थ्यांनी त्याच्यावर टवाळीचं गाणं रचलं आणि एका बऱ्यापैकी कारागिराची भोंदू म्हणून कायमची नोंद झाली. या खोऱ्यात पुढंही हेच बघायला मिळालं. खरा माणूस मागं पडतो आणि त्याची गोष्ट गावच्या कमाईला लागते.

गाव सोडता सोडता एका चर्चच्या भिंतीवर पुराच्या खुणा दिसल्या. सगळ्यात जुनी नोंद १३४२ सालच्या पुराची. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, हा आमच्या भागातला दर पावसाळ्याचा पहिला प्रश्न असतो. पूर ओसरला की भिंतीवरची ओल आपण रंगवून टाकतो. इथं जवळपास सातशे वर्षांपूर्वीचं पाणी दगडात धरून ठेवलंय. आणि धरण इथंही आहेच. फुल्डेला मिळणाऱ्या एडर नदीवर १९१४ साली ते पुरं झालं, ते मुळात उन्हाळ्यात वेझरमध्ये नावा चालण्यापुरतं पाणी सोडता यावं म्हणून. मे १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी ते फोडलं तेव्हा पाण्याचा लोट फुल्डेतून खाली या गावापर्यंत आला. कोयनेच्या भूकंपानंतर धरणाबद्दलच्या अफवा ऐकत वाढलेल्या पिढीला ही गोष्ट नुसती ऐकून सोडून देता येत नाही.

गावाबाहेर पडलं की रस्ता नदीला लागून जातो. सपाट, रुंद, मोटारी नाहीत. एका बाजूला पाणी आणि गवताळ कुरणं, दुसऱ्या बाजूला जंगलानं भरलेली टेकडी. ठिकठिकाणी हा रस्ता म्हणजे जुनी ओढवाट आहे. वाफेची इंजिनं येण्याआधी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून दोरानं ओढाव्या लागायच्या, आधी माणसांनी आणि पुढं घोड्यांनी. त्यांच्या पायांसाठी केलेली सपाटी आता आमच्या चाकांना मिळत होती. आम्ही मात्र उताराच्या बाजूनं चाललो होतो, वाऱ्याची झुळूक सोडली तर आडवं येणारं काही नव्हतं.

सप्टेंबरची सुरुवात होती. वाटेवर सफरचंदाची आणि प्लमची झाडं फळांनी वाकलेली. वाटेतल्या हेमेलन गावाच्या अलीकडे एका शेतघरासमोर टेबल मांडलं होतं. प्लमच्या पिशव्या, अंडी, भोपळे, घरचा मुरांबा, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी, आणि एक पत्र्याची पेटी. माणूस नाही. आम्ही नाणी टाकली, प्लम घेतले. असं काही दिसलं की परदेशातून लिहिणाऱ्यानं 'आपल्याकडे हे शक्य नाही' असं एक वाक्य लिहायची रीत आहे. मला तसं वाटलं नाही. पाटणच्या बाजूला रस्त्याकडेच्या घरासमोर पेरूच्या झाडाखाली सायकल टेकवली असती तर पेरू फुकट मिळाले असते. बदल्यात गाव, आडनाव, मुलं किती, आणि नवरा काय करतो, एवढं सांगावं लागलं असतं. इथल्या पेटीत टाकायचं ते फक्त नाणं. भाचीला हा सौदा फार आवडतो. "मला इथं कुणी काही विचारत नाही, मावशी," ती प्लमची बी थुंकत म्हणाली. ती हे वर्षभर कुणाला तरी सांगायची वाट बघत असावी.

हेमेलनला नदी ओलांडायची होती. पूल नाही, नावेची तर आहे, आणि तिला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, तिला नाव दोरांनी जोडलेली. नावाडी पुढचा दोर आवळतो, मागचा सैल सोडतो, नाव प्रवाहाला तिरपी होते आणि पाण्याचा जोरच तिला पलीकडे ढकलत नेतो. परत येताना उलटं. ट्रॅक्टर चढला, दोन मोटारी चढल्या, आम्ही चढलो, तरी त्या माणसानं हातचाक थोडंसं फिरवण्यापलीकडे काही केलं नाही. कृष्णेत माणसं गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जाताना मी पाहिली आहेत. तिथं प्रवाहाशी झगडा असतो, आणि आरडाओरडाही भरपूर. इथं प्रवाहालाच कामाला लावलेलं. नावाड्याला भाचीनं विचारलं, पाणी कमी झालं तर? तो म्हणाला, मग हळू जातो. उत्तर एवढंच.

पलीकडे फेकरहागेन. तिथल्या खानावळीत जेवलो. या उत्तर हेसेन भागाला आपल्या हवेत वाळवलेल्या डुकराच्या सॉसेजचा भारी अभिमान. आम्ही ते घेत नाही म्हटल्यावर मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख दिसलं. मग त्यांनी हिरवा सॉस आणला. कोवळ्या पालेभाज्या बारीक चिरून आंबट सायीत कालवलेल्या, सोबत उकडलेली अंडी आणि बटाटे. थंडगार. त्यातली काही पानं जिभेला लागली आणि मी ओळखली. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलीच, फक्त इथली. चुका कच्चा, दह्यात, फोडणीशिवाय खायचा हे मला कुणी सांगितलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. मी दोन ताटं खाल्ली. मालकीणबाईंचं दुःख कमी झालं.

नंतर राइनहार्ट्सवाल्डचा चढ. हे जंगल ग्रिमबंधूंच्या परीकथांचं जंगल म्हणून विकलं जातं. वर झाबाबुर्ग नावाचा किल्ला आहे आणि तोच म्हणे झोपलेल्या राजकन्येचा महाल. ग्रिमांनी त्याचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. ते राहायचे जवळच्या कासेल शहरात, आणि त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ साली निघाला. गोष्टी सांगणाऱ्यांत डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायको होती. कासेलच्या बाजारात भाजी विकायला यायची. तिचे पूर्वज फ्रान्समधून धर्मापायी हाकलले गेलेले. म्हणजे अस्सल जर्मन म्हणून जगभर गेलेल्या गोष्टींचा बराच भाग निर्वासितांच्या घरातून आला. किल्ल्याला राजकन्या नंतर बहाल झाली. यावर हसण्याचा अधिकार मला नाही. आमच्या जिल्ह्यात ज्या लेण्याचा कर्ता माहीत नाही ते पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं.

किल्ल्यापेक्षा त्याच्याजवळचं राखीव रान मला महत्त्वाचं वाटलं. प्रचंड ओक, कित्येक शतकांचे. पोटात पोकळ, एका बाजूनं वाळलेले, दुसऱ्या बाजूनं हिरवे. पडलेलं झाड पडलं तिथंच ठेवायचं, फांदी उचलायची नाही, असा नियम. मला लगेच देवराई आठवली. पण देवराईत राखण देवाची असते. इथं राखण डुकरांमुळं झाली. शेकडो वर्षं आसपासच्या गावांची डुकरं आणि गुरं या रानात चरायला यायची. ओकची फळं खाऊन डुकरं शरद ऋतूत पुष्ट व्हायची, म्हणून ओक लांब लांब अंतरावर ठेवले गेले, त्यांना ऐसपैस पसरायला मिळालं. मग चराई संपली, आणि थिओडोर रोखोल नावाच्या चित्रकारानं आग्रह धरल्यावर १९०७ साली हे रान तोडण्यापासून वाचलं. गंमत पुढंच आहे. गुरं गेली तशी बीचची रोपं खाणारं कुणी उरलं नाही. बीच भराभर वाढले, त्यांनी वरून सावली धरली आणि म्हातारे ओक उन्हाविना मरू लागले. संरक्षण मिळालं आणि ज्याच्यासाठी मिळालं तेच चाललं. कासच्या पठारावर कुंपण घातलं, गुरं यायची थांबली, तेव्हा फुलं कमी झाली की काय यावर साताऱ्यात किती कडाक्याचे वाद झाले! इथल्या पाटीवर हीच गोष्ट शंभर वर्षांच्या अनुभवानं शांतपणे लिहिलेली आहे.

गावागावांतून मात्र दुसऱ्या पाट्या होत्या. रागावलेल्या. या जंगलाच्या माथ्यावर अठरा पवनचक्क्या उभारायचं ठरलं होतं, आणि अर्ध्या दारांवर त्याचा निषेध. परीकथांच्या जंगलात पवनचक्क्या नकोत. भाची पवनचक्क्यांच्या बाजूची. मी चाळकेवाडीच्या पठारावर त्या उभ्या राहताना पाहिलेल्या. आमच्याकडे वाद झाला तो जमिनीच्या भावावरून. क्षितिज बिघडतंय ही तक्रार करायला क्षितिज निवांत बघायची सवय लागते. ती इथं बॅटरीवाल्या सायकलींसकट सगळ्यांना होती. यावर आम्हा दोघींचं उतारभर भांडण चाललं आणि ब्रेक दाबून दाबून माझी बोटं आखडली.

खाली उतरलो ते कार्ल्सहाफेनला. इथं एकदम सगळं बदलतं. तिरप्या तुळया गेल्या, पांढरी, सरळ, दोन्ही बाजूंना सारखी घरं आली, आणि मधोमध चौकोनी बंदर. समुद्र कित्येक मैल लांब आणि गावात बंदर! हेसेन-कासेलच्या कार्ल राजानं १६९९ साली हे गाव वसवलं. कारण म्युंडेनची ती अडवणूक. तिला वळसा घालून थेट कासेलपर्यंत कालवा काढायचा त्याचा बेत होता. कालवा थोडासा खणला गेला, राजा वारला, बेत बुडाला. बंदर मात्र राहिलं. पुढं त्याचा नदीशी संबंधही तुटला आणि आता अलीकडे नवा दरवाजा बसवून ते पुन्हा नदीला जोडलंय, हौशी बोटींसाठी. घरं बांधली ती फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट निर्वासितांसाठी. १६८५ साली तिथल्या राजानं त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. कार्लनं त्यांना जागा दिली, कर माफ केले; दयाबुद्धी होतीच, शिवाय विणकर आणि कारागीर हवे होते. त्याच घराण्यातल्या नातवानं पुढं आपल्या मुलखातली तरुण पोरं इंग्रजांना भाड्यानं दिली, अमेरिकेतल्या युद्धासाठी. कित्येक तुकड्या याच नदीनं समुद्राकडे रवाना झाल्या. बंदराच्या काठावर बसून आम्ही प्लमचा केक खाल्ला. गांधीलमाश्या केकवर बसत होत्या आणि शेजारचे आजोबा त्यांना न मारता आपल्या बिअरच्या पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवत होते. केकचा एक कोपरा त्यांनी माश्यांसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता.

इथून पुढं सोमवार लागला आणि सोमवारी या खोऱ्यातली खानावळ उघडी नसते. रविवारी दुकानं बंद, सोमवारी खानावळी बंद. दुपारी एक ते चार पुण्यातल्या दुकानाची कडी वाजवून पाहिलेल्या मला यात परकं असं काही वाटलं नाही. पेट्रोल पंपावर चीज घातलेले ब्रेड मिळाले. फुर्स्टेनबर्गचा चिनी मातीचा कारखाना, १७४७ पासूनचा, खालूनच बघितला. सायकलच्या पिशवीत बशा घेऊन जायची भाचीची तयारी होती, माझी नव्हती.

कोर्फाय मठाचं पश्चिमेकडचं दगडी तोंड नवव्या शतकातलं. वर गेल्यावर भिंतीवर पुसट रेषांत ओडिसियस समुद्रातल्या राक्षसिणीशी झुंजताना दिसतो. ख्रिस्ती मठात ग्रीक वीर! मला चर्चच्या शेजारचं थडगं जास्त वेळ धरून बसलं. हॉफमान फॉन फालर्सलेबेन. जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द त्याचे. १८४१ साली लिहिले आणि पुढच्याच काळात राजकीय कविता केल्या म्हणून त्याची प्राध्यापकी काढून घेतली गेली. बरीच वर्षं भटकून शेवटी १८६० मध्ये इथं ग्रंथपालाची नोकरी मिळाली. मरेपर्यंत तो दुसऱ्याची पुस्तकं लावत बसला. त्याच्या कवितेतलं आता फक्त तिसरं कडवं गायलं जातं.

कोर्फायच्या पलीकडे पूर्वेला झोलिंगच्या टेकड्या. काही उतारांवर झाडं जाळल्यासारखी उभी, काही उतार साफ बोडके. आग लागलेली नव्हती. स्प्रूसची एकसुरी लागवड, लवकर लाकूड मिळावं म्हणून गेल्या दोन शतकांत केलेली. २०१८ पासून सलग कोरडे उन्हाळे आले, झाडं अशक्त झाली आणि सालीखाली शिरणाऱ्या भुंगेऱ्यांनी ती संपवली. ओक-बीचच्या मिश्र रानाला तेवढं झालेलं नाही. रस्त्याकडेला ओंडक्यांच्या गंजी लागलेल्या आणि सगळीकडे राळेचा वास.

त्या वासातूनच होल्झमिंडेन आलं. या गावच्या विल्हेल्म हारमानला १८७४ साली सूचिपर्णी झाडांच्या सालीखालच्या रसातून व्हॅनिलिन बनवता आलं. फेर्डिनांड टीमान हा त्याचा जोडीदार. इथंच कारखाना निघाला, आणि आजही हे सुगंधांचं गाव आहे; रस्त्यावर वासाच्या खांबांपाशी थांबून हुंगायची सोय. मी झाकण उचललं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली आमची गच्ची समोर आली. पॉटमध्ये बर्फ आणि खडे मीठ, आळीपाळीनं दांडा फिरवणारी भावंडं, आणि शेवटी आईनं तपकिरी बाटलीतून मोजून घातलेले दोन थेंब. व्हॅनिला म्हणजे एक वेल, मेक्सिकोकडची, तिच्या शेंगा अतिशय महाग, हे आम्हाला कुठं माहीत होतं? आमचा व्हॅनिला शेंगेतून आला नव्हता. त्याची वाट या टेकड्यांवरच्या झाडांच्या सालीत सापडली. नंतर लवंगेच्या तेलातून, आणि आता बहुतेक पेट्रोलियमपासून तो तयार होतो. भाची म्हणाली, "म्हणजे खोटाच." मला तसं म्हणवेना. माझ्या बालपणात दुसरा कुठला व्हॅनिला नव्हताच, मग तो खोटा कसा?

पोलेच्या पडक्या गढीला सिंड्रेला मिळाली आहे. तिथं न थांबता पुढं गेलो. रूलेच्या वळणावर टेकड्या नदीवर इतक्या उतरतात की रस्त्याला जेमतेम जागा उरते. वर चेरीच्या बागा आहेत, वसंतात पांढऱ्या होत असणार. बोडनवेर्डरला म्युंखहाउझेन. थापाड्या सरदार. तोही खरा माणूस, १७२० ते १७९७. रशियाच्या सैन्यात नोकरी करून घरी आला आणि पाहुण्यांना रंगवून गोष्टी सांगायचा. त्या कुणी तरी परस्पर इंग्रजीत छापल्या, मग जर्मनीत आल्या, आणि त्याला स्वतःच्या गावात तोंड दाखवणं मुश्कील झालं. आता त्याच्या घरासमोर अर्धा घोडा आहे. मागचं शरीर तुटलेलं, पुढचा भाग पाणी पितोय, आणि पाणी मागून धो धो वाहतंय. ज्या कीर्तीनं त्याचं उत्तरायुष्य नासलं तिच्यावर गाव पोसलं जातं. इथल्या बाईंनी आम्हाला तिकीट विकताना आपणही एक थाप मारली, की हे घर कधीच बंद नसतं. सोमवार कालच होऊन गेला होता.

ग्रोंडेला मक्याच्या शेतांमागून दोन अजस्र मनोरे वर येतात. अणुवीजकेंद्राचे. २०२१ च्या अखेरीस ते बंद झालं. त्याच्या समोरच दोरावरची दुसरी तर, इंजिनाशिवाय, चालू.

हामेलन मी शाळेत असल्यापासून ओळखते. इंग्रजीच्या पुस्तकातून, ब्राउनिंगच्या कवितेतून. आपल्या लेखी तो पुंगीवाला. शाळेतल्या स्नेहसंमेलनात मी उंदीर झाले होते. गाव या एका गोष्टीवर उभं आहे. पावाचे उंदीर, साखरेचे उंदीर, फरसबंदीत पितळी उंदीर. उन्हाळ्यात भर चौकात नाटक होतं, गावातलीच माणसं आणि मुलं करतात. करड्या कपड्यांतले पाच-सहा वर्षांचे उंदीर शेपट्या सावरत धावत होते, एकाची शेपटी गळून पडली तर तो रडायला लागला आणि पुंगीवाल्यानं वाजवणं थांबवून ती परत लावून दिली.

जुन्या नोंदींत उंदीर नाहीतच. ते सोळाव्या शतकात येऊन मिळाले. जुन्या नोंदींत आहे ते असं, की १२८४ सालच्या २६ जूनला १३० मुलं गावाबाहेर गेली आणि परतली नाहीत. एका गल्लीत, जिथून ती गेली म्हणतात, आजही वाद्य वाजवत नाहीत. लग्नाची वरातसुद्धा तिथं गप्प होते. कुणी म्हणतं साथ आली, कुणी म्हणतं युद्धाला नेली. बऱ्याच अभ्यासकांचा कल असा, की पूर्वेकडच्या नव्या मुलखात वस्ती करायला मनुष्यबळ गोळा करणारे मुकादम तेव्हा फिरत होते. रंगीत कपड्यांतला असाच कुणी येऊन गावची तरुण पोरं घेऊन गेला असावा. मला हे पटतं. म्युंडेनपासून इथपर्यंत या नदीनं माणसं जातानाच पाहिली. भाड्यानं दिलेले शिपाई गेले, आणि पुढं हिच्याच मुखाशी असलेल्या ब्रेमरहाफेनमधून सत्तर लाखांच्या वर माणसं अमेरिकेला गेली. पुंगीची गोष्ट घरी राहिलेल्यांनी रचली असणार. पोरं आपण होऊन गेली असं आईबाप कशाला म्हणतील?

त्या गल्लीच्या तोंडाशी बेकरीत एक साठीच्या बाई पावाचे उंदीर कागदात गुंडाळत होत्या. आमच्यामागं रांग नव्हती. मी भाचीला म्हटलं, विचार त्यांना, त्यांच्या मते मुलं गेली कुठं. या प्रवासात पहिल्यांदाच कुणी तरी हातातलं काम ठेवून आमच्याकडे नीट बघितलं. त्या काही तरी म्हणाल्या, दोन्ही हात उडवून हसल्या, आणि मग भाचीलाच उलटे प्रश्न विचारू लागल्या. कुठली, काय शिकतेस, एकटी राहतेस का, आईबाप कुठं असतात. भाची उत्तरं देत होती, तिचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"म्हणाल्या, कुठं जाणार, नोकरीला गेली. माझीसुद्धा दोन्ही हॅनोव्हरला आहेत, नाताळला येतात."

उंदराचं डोकं मोडून तिनं तोंडात टाकलं.

"मावशी, संध्याकाळी आईला हे सांगू नकोस."